विळ्याच्या आकाराची पेशी

गडचिरोलीच्या रानात किंवा नंदुरबारच्या पाड्यांवर एखादं पोर सारखं आजारी असतं. हातपाय ठणकतात, डोळे पिवळे दिसतात, शाळेत हजेरीच लागत नाही. घरचे म्हणतात, अंगात वात शिरलाय. पुष्कळदा तो वात नसतो, सिकलसेल असतो. याच दुखण्यावर उभ्या राहिलेल्या एका अमेरिकन कंपनीची हकिकत आज सांगायची आहे.

आधी दुखणं समजून घेऊ. रक्तातील तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते. त्याच्या एका साखळीत १४६ मणी. त्यांतला सहावा मणी बदलला की सगळा घोटाळा! प्राणवायू सोडल्यावर असले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. शिकागोच्या हेरिक या डॉक्टरांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनातच असल्याचे दाखवले, आणि १९५७ पर्यंत इंग्रम यांनी तो चुकीचा मणीही शोधून काढला. कारण इतके स्वच्छ कळले, पण औषध? अमेरिकेत हायड्रॉक्सियुरियाला मान्यता मिळाली ती १९९८ साली. तेही मूळचे कर्करोगाचे औषध, बरं का! तिथले सुमारे एक लाख रुग्ण बहुतेक काळे लोक; त्यांच्याकडे पैसेवाल्यांचे लक्ष उशिरा गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्लोबल ब्लड थेराप्युटिक्स ही कंपनी २०११ मध्ये कॅलिफोर्नियात निघाली. २०१५ साली तिचे शेअर बाजारात आले. तिची कल्पना साधी होती: हिमोग्लोबिनाने प्राणवायू घट्ट धरून ठेवला, तर ते चिकटणार नाही. त्यासाठी केलेली गोळी म्हणजे व्हॉक्सेलोटर. २७४ रुग्णांवर चाचणी झाली. मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांचे हिमोग्लोबिन एका ग्रॅमहून जास्त वाढले. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ७ टक्क्यांचे. मात्र ठणक्याचे झटके म्हणावे तसे कमी झाले नाहीत. काही जाणकारांनी तेव्हाच विचारले, की धरून ठेवलेला प्राणवायू शरीराला मिळणार कसा? तरीही २५ नोव्हेंबर २०१९ रोजी जलद मार्गाने मान्यता मिळाली. अट एवढीच, की खरा फायदा पुढील चाचणीत सिद्ध करावा. वर्षाचा खर्च सव्वा लाख डॉलरच्या घरात!

२०२२ मध्ये फायझरने ही कंपनी ५४० कोटी डॉलरला विकत घेतली. भागधारकांचे हिशेब तिथे पुरे झाले. रुग्णांचे व्हायचे होते.

पक्षाघाताचा धोका असलेल्या २३६ मुलांवर पुढची चाचणी चालली होती. त्यांत आफ्रिकेतील देशांतली मुलेही होती. औषध घेणाऱ्यांत ८ मृत्यू झाले, न घेणाऱ्यांत २. पायाच्या जखमा असलेल्या रुग्णांच्या दुसऱ्या एका चाचणीतही ८ जण गेले. हे मृत्यू गोळीनेच झाले, असे म्हणता येत नाही; पण २५ सप्टेंबर २०२४ रोजी फायझरने जगभरच्या बाजारातून ती परत घेतली. ज्यांना तिने बरे वाटत होते, त्यांनाही एकाएकी डॉक्टरांकडे धावावे लागले, आणि पुष्कळांच्या हाती पुन्हा ते जुने हायड्रॉक्सियुरियाच आले.