भुताला जात असते, भीतीलाही

परवा डोणगावात समाजमंदिराच्या ओट्यावर पोरांनी एक नवी भयकादंबरी वाचायला काढली. शहरात शिकणारा एक पोरगा घेऊन आला होता. पुस्तक एक, ऐकणारे वीस-पंचवीस. विहिरीतून कुणीतरी हाक मारतं, त्या पानावर वाचणारा आला आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. पोरी किंचाळल्या, बारके आयांच्या पदरात घुसले, आणि लगेच सगळा ओटा खदाखदा हसला. मीही दचकलो होतो. मीही हसलो.

एकजण हसले नाहीत. 1956 साली बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेलेले आमच्यातले एक आबा. ते म्हणाले, "बाबासाहेबानं भूतखेत गाडलं, अन् तुम्ही ते उकरून काढता. तेही समाजमंदिरात! कायले पाह्यजे हे भेव?"

प्रश्न खोटा नव्हता. तिथं मला उत्तर सुचलं नाही, म्हणून इथं लिहितो.

आधी भुतांचा हिशेब करू. मित्रांनो, या देशात माणूस मेला तरी त्याची जात मरत नाही. मुंजा म्हणजे मुंज झालेलं आणि सोडमुंजीआधी मेलेलं बामणाचं पोर. त्याला राहायला पिंपळ. ब्रह्मसमंधही बामणाचाच. खवीस मुसलमानाचा. बाळंतपणात मेलेली बाई हडळ. आर. ई. एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याचा 'द फोकलोर ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ 1924 साली निघाला. त्यात भुतांची अशी वर्गवारी आहे. कोकणातला देवचार शूद्राचा मानतात, आणि त्याच्याकडं काम काय, तर गावाची सीम राखायचं. म्हणजे मेल्यावरही राखणदारीच! 2024 साली 'मुंज्या' नावाचा हिंदी सिनेमा आला आणि गाजला. पिंपळावरचं पोरगं पडद्यावर पोचलं. वेशीबाहेरचा मेलेला माणूस कुठं पोचला?

आता जिवंत माणसाच्या भीतीकडं येऊ. शंकरराव खरातांनी 'तराळ-अंतराळ'मध्ये आटपाडीची एक हकीकत सांगितली आहे. विहिरीत प्रेत सापडलं. तराळकी वडलांकडं, म्हणून प्रेताची राखण वडलांनी करायची. मग पोलीस आले आणि म्हणाले, उतर खाली, प्रेत वर काढ. विहिरीत साप होता. साप चावला तर काय, असं शाळकरी पोरगा पोलिसाला विचारू लागला. पण बापाला उतरावंच लागलं.

ती विहीर आणि आमच्या ओट्यावर वाचलेली विहीर शेजारी शेजारी ठेवून बघा. आमच्या विहिरीत हाक होती, पण पुस्तक मिटलं की ती बंद. खरातांच्या बापाला पुस्तक मिटायची सोय नव्हती. सापाची भीती खरी आणि 'नाही उतरत' म्हणण्याची भीती सापापेक्षा मोठी. मुंबई इलाख्यातलं हे वतन मोडावं म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली कायदेमंडळात बिल आणलं. वतनं कायद्यानं गेली ती 1958 च्या कायद्यानं. तीस वर्षं! वऱ्हाडाचा कारभार वेगळा होता, पण मेल्याचा सांगावा नेणं आणि मेलेलं ढोर ओढणं इथंही म्हारावरच. अमावस्येच्या रात्री सांगावा घेऊन रान तुडवणाऱ्याला कुणी विचारलं नाही, "तुले भेव लागते का रे?"

अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आठवा. खाणीचं काम सुटलेला भीमा रात्री मढी उकरून सोनं शोधतो. कोल्ह्यांशी झुंजतो. शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या कथेत भूत नाही. भूक आहे. बोटं गेल्यावर कळतं की खाण पुन्हा सुरू झाली. मराठीत याहून भयंकर शेवट मी वाचला नाही.

आता नारायण धारप. 1925 ते 2008. शाळेत असताना मी त्यांची पुस्तकं दप्तरात लपवून वाचली, आणि त्यांचं ऋण मी नाकारत नाही. 'लुचाई'ची बीजं स्टीफन किंगच्या 1975 च्या 'सालेम्स लॉट' या कादंबरीतली. अमेरिकेतलं रक्तपिपासू भूत समुद्र ओलांडून मराठी गावात आलं. पण मी वाचलेल्या धारपांत ते वेस ओलांडून आमच्या वस्तीत कधी आलं नाही. आणि संकट आलं की तारायला 'समर्थ' यायचे, आपल्या सिद्धीच्या बळावर. मी पोरगा होतो, मला वाटायचं, हे समर्थ आमच्या घरी आले तर पाणी पितील का?

डोणगावापासून लोणार लांब नाही. तिथलं विवर उल्का आदळून झालं, असं विज्ञान सांगतं. पुराण सांगतं, तिथं लवणासुर होता, विष्णूनं त्याला मारलं. दैत्यसूदनाचं देऊळ तिथं उभं आहे. दैत्य-राक्षस म्हणजे इथले मूळचे लोक, असा अर्थ जोतीराव फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त लावला. ज्याला मारायचं त्याला आधी राक्षस ठरवायचं, ही रीत जुनी आहे. करणी केली म्हणून बाईला गावातून मारत काढतात, तीही हीच रीत. तिच्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि कायदा त्याच वर्षी, त्यांच्या मरणानंतर झाला.

म्हणून आबांना माझं उत्तर असं. बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष नाही, पिंडदान नाही. पिंडच नाही तर पिशाच्च कुठलं? भूत खरं मानून देवऋष्याच्या दारात बसणं ही गुलामगिरी. भूत खोटं आहे हे पक्कं ठाऊक असताना, दहाजणांनी मांडीला मांडी लावून, आपल्या मर्जीनं घाबरणं हा खेळ आहे. आपल्या बापजाद्यांच्या वाट्याला भीती आली ती हुकमानं, एकट्यानं आणि अंधारात. परवा ओट्यावर ती सगळ्यांनी मिळून, हौसेनं अंगावर घेतली आणि हसून झटकली. यात मला बाटल्यासारखं काही वाटत नाही. उलट काहीतरी कमावल्यासारखं वाटतं.

एक मात्र बाकी आहे. ती विहीर, ते प्रेत, तो साप, तो हुकूम हे सगळं आपल्याकडं आहे. त्यावरची भयकादंबरी आपल्यातल्या कुणीतरी लिहावी. तिच्यात तारायला समर्थ नकोत.

हे सगळं मी आबांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माह्या बापानं मढं राखलं होतं लेका. तो म्हने, मढं काही करत नाही. सकाळी पाटलाचा मानूस येते ना, त्याचंच भेव."

दुसऱ्या दिवशी वाचन सुरू झालं तेव्हा आबा ओट्याच्या कडेला येऊन बसले. म्हणाले, "त्या विहिरीत कोन होतं, ते सांगा आधी."