पडद्यावरची नऊवारी
कासोट्याची नऊवारी, नथ, अंबाडा हा तमाशातल्या कलावंतिणींचा वेश. जुन्नर तालुक्यातले नारायणगाव हे तमाशाच्या सुपाऱ्या ठरण्याचे मोठे ठिकाण. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (निधन २००२) तिथल्याच. तमाशाच्या फडावरचा हा वेश ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांनी पडद्यावर गाजवला. जयश्री गडकर, संध्या या नट्यांच्या अंगावर तो घरोघरी पोचला. पुढे उलटेही घडले. फडांत सिनेमाची गाणी शिरली आणि गाण्यांमागोमाग नट्यांचे झगमगीत पेहराव आले. त्यामुळे आजच्या फडातली प्रत्येक नऊवारी जुन्या परंपरेतली समजू नये. या वेशाचे मूळ श्रेय मात्र नट्यांचे नव्हे, फडावर रात्र-रात्र नाचलेल्या कलावंतिणींचे आहे. — संपादक