गिरणीकामगार स्त्रिया व लिंगभावात्मक श्रमविभागणी
मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या काम, वेतन व हक्कांची झालेली वाटणी. स्त्री व पुरुष यांच्यातील शारीरिक भेदावर समाज कामांची, गुणांची व अधिकारांची जी विभागणी उभारतो, तीस लिंगभाव म्हणतात. शारीरिक लिंग व सामाजिक लिंगभाव हा फरक ॲन ओक्ली या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ विदुषींनी १९७२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. भारतात स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा अहवाल (१९७४) आणि त्याच वर्षी नीरा देसाई यांच्या पुढाकाराने श्री. ना. दा. ठा. महिला विद्यापीठात सुरू झालेले स्त्री-अभ्यासाचे संशोधन यांमुळे या विषयास चालना मिळाली. ही संकल्पना हाती घेऊन गिरणीच्या हजेरीपटाकडे पाहिले, म्हणजे एरवी स्वाभाविक वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी तशा उरत नाहीत.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे १९३० पर्यंत गिरण्यांतील एकूण कामगारांत स्त्रियांचे प्रमाण एक पंचमांश ते एक चतुर्थांश असे. मात्र त्या सर्व खात्यांत विखुरलेल्या नव्हत्या. सुताच्या लडी करणारे रिळिंग व सूत बॉबिनवर गुंडाळणारे वाइंडिंग ही दोन खाती त्यांची, आणि त्यांवर देखरेखीस नाईकीण. मागावर व कताईच्या यंत्रांवर बहुतांशी पुरुष. बायकांची बोटे चपळ व स्वभाव सोशिक, म्हणून हे काम त्यांना मानवते, असे कारण सर्रास सांगितले जाई. वस्तुतः या खात्यांत वेतन उक्त्या दराने मिळे. घरचा स्वयंपाक आटोपून उशिरा येणारी बाई त्यामुळे मालकास चालत असे आणि माल कमी असल्यास रिकाम्या वेळेचा तोटाही तिच्याच पदरी पडे. तुटलेला धागा क्षणार्धात सांधण्यास सराव लागतो. परंतु तो सराव स्त्रीचा असल्याने त्याची गणना कौशल्यात न होता स्वभावात झाली. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी स्त्रियांचे सरासरी वेतन पुरुषांच्या सुमारे निम्मे होते. स्त्रीची मिळकत घरास केवळ पूरक असते, हे त्याचे समर्थन. प्रत्यक्षात विधवा व नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांचा या खात्यांत मोठा भरणा होता आणि त्यांच्या घरी दुसरा मिळवता नव्हता.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मिल हँड्स असोसिएशनने २४ एप्रिल १८९० रोजी भरविलेल्या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. १८९१ च्या कारखाना अधिनियमाने स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणला व रात्रपाळीस आळा घातला. हा दिलासा खराच होता. तथापि १९३० नंतर गिरण्या दोन पाळ्यांत चालू लागल्या आणि पुढे उच्चगती वाइंडिंग यंत्रे आली, तेव्हा ही यंत्रे रात्रंदिवस चालविणे किफायतशीर ठरले व रात्री काम न करू शकणारी स्त्री मालकाच्या दृष्टीने गैरसोयीची झाली. यंत्र आल्यावर बायकांचे म्हटले गेलेले तेच काम पुरुषांकडे गेले. चपळ बोटांचा युक्तिवाद त्या वेळी कोणी काढला नाही. रिळिंग खाते त्याआधीच आक्रसू लागले होते, कारण चीनकडे होणारी सुताची निर्यात घटली होती.

प्रसूतीचा प्रश्न याहून बोलका आहे. १९२० च्या दशकात झालेल्या वैद्यकीय पाहणीत असे दिसून आले, की कामावर जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफूमिश्रित बाळगोळी देऊन निजवीत. प्रसूतिसाहाय्याचे विधेयक १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात चर्चेस आले. त्यास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मातेस विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे असल्याचे सांगितले आणि हा भार मुख्यतः शासनाने उचलावयास हवा, हेही मान्य केले. १९२९ च्या मुंबई अधिनियमाने मात्र तो संपूर्णपणे मालकावर टाकला. परिणामी गर्भारपणाची चाहूल लागताच स्त्रीस काढून टाकणे, विवाहितेस कामावर न घेणे, असे प्रकार सुरू झाले. कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने (१९४८) हा खर्च विम्याकडे वळविण्याचा मार्ग काढला, तोवर बराच उशीर झाला होता. दोष एकट्या कायद्याचा नव्हे. मूल हे आईचे एकटीचे काम, ही समजूत त्याच्या मुळाशी होती. १९२८ च्या प्रदीर्घ संपात आणि नंतरच्या लढ्यांत उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी स्त्री-कामगारांना रस्त्यावर आणले. परंतु स्त्रियांच्या कपातीविरुद्ध संघटनांनी पुरेशी ताकद लावली नाही. कुटुंबाचा पोशिंदा पुरुषच, हे त्यांनाही मान्य होते. १९७० च्या दशकापर्यंत गिरण्यांत स्त्रिया अगदी थोड्या उरल्या.

हजेरीपटाबाहेरचे श्रम या इतिहासात सहसा येत नाहीत. कोकणातून व साताऱ्याकडून आलेले बहुसंख्य पुरुष गाळ्यांत एकटे राहत. त्यांचे कुटुंब गावी शेती सांभाळी. त्यांना दोन वेळचे जेवण देत गिरणगावातील खाणावळवाल्या बाया, तेही पगार होईपर्यंत उधारीवर. नोकरी गेलेल्या कित्येक स्त्रियांनी हाच धंदा पत्करला. धान्य-किराण्यासाठी त्यांना जबर व्याजाने कर्ज काढावे लागे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण म्हणून दाखवावयास त्यांच्याजवळ काही नव्हते. एकमेकींच्या हमीवर हे कर्ज देण्यात आले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सार्वत्रिक संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले व खाणावळींची उधारी वसूल होईना. अनेक घरांत बायकांनी धुणीभांडी, शिवण, पापड लाटणे अशी कामे धरली. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्या नाहीत, आणि या घरांत बायकांची ती कामे चालूच राहिली.