गाडगीळ, गंगाधर गोपाळ
(२५ ऑगस्ट १९२३–१५ सप्टेंबर २००८). मराठी नवकथेचे एक प्रवर्तक, कादंबरीकार आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक. जन्म मुंबईत. नरसी मोनजी वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य. पुढे उद्योगसमूहांचे आर्थिक सल्लागार. ‘एका मुंगीचे महाभारत’ या आत्मकथेस साहित्य अकादेमी पुरस्कार (१९९६).

ऐतिहासिक कादंबरी म्हणजे राजे आणि लढाया, ही वाट त्यांनी घेतली नाही. ‘दुर्दम्य’ लोकमान्य टिळकांवर, तर ‘प्रारंभ’ जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांच्यावर. नाना शंकरशेट व्यापारी होते. मुलींच्या शाळेला त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली; १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, त्या रेल्वेच्या उभारणीतही ते पुढे होते. भांडवल आणि शहर एकमेकांना कसे घडवतात, हे जाणणाऱ्या अर्थशास्त्रज्ञालाच असा नायक सुचावा. कथाकार गाडगिळांच्या कीर्तीपुढे हे काम उगाच मागे पडले आहे.