दोर कोणाचा?

साधनांचा इतिहास सांगणारे बहुधा शोध लावणाऱ्यांची नावे सांगून थांबतात. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. साधन निघाले कधी, याबरोबरच ते विकत कोणी घ्यावयाचे, हेही आम्ही विचारतो. झाडावर चढून काम करणाऱ्याच्या दोराचा इतिहास तर या दुसऱ्या प्रश्नावाचून उलगडतच नाही.

देवळाली कॅम्पात हा विषय परका नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईस उतरणाऱ्या व मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या शिपायांची ही छावणी. इंग्रजीतील ‘डुलाली’ हा वेडसरपणाचा शब्द आपल्याच गावाच्या नावावरून निघाला. पुढे तोफखान्याची शाळा आली, हवा पालटण्यास येणाऱ्यांचे बंगले व आरोग्यधामे उभी राहिली. बंगला म्हटला की आवारात मोठे झाड आले, आणि झाड आले की पावसाळ्यापूर्वी त्याच्या फांद्या उतरविणे आले. त्या उतरविणारा माणूस येतो तो बहुधा अनवाणी, कमरेला कोयता खोचून आणि खांद्यावर स्वतःचाच दोर टाकून.

आपल्याकडे या कसबाचा जुना वारसा कोकणातील भंडाऱ्यांचा व गोव्यातील रेंदेरांचा. माडाच्या खोडास खाचा पाडावयाच्या, त्यांत पाय रोवावयाचे आणि माडीसाठी दिवसातून दोन-तीन वेळा शेंड्यापर्यंत जावयाचे. साधने म्हणाल तर कोयती, माडी धरण्याचे भांडे आणि दोरी. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला, झाडामागे कर वसूल होत राहिला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने माडीचा धंदाच बसला. सरकारने झाड मोजले, रस मोजला. चढणाऱ्याची दोरी मात्र त्याची त्याने पाहावी, अशीच रीत राहिली.

इकडे ही स्थिती असता जगात दोर पालटत होता. काथ्या, घायपात, अंबाडी यांचा दोर पावसात भिजून आतून कुजतो आणि वरून धडधाकट दिसतो. दगा देतो तो नेमका भार पडल्यावर. १९३१ साली कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने एक गाठ प्रसिद्ध केली. बारीक दोरीचे कडे जाड दोराभोवती दोन-तीन वेळा गुंडाळावयाचे. भार नसता ते वरखाली सरकते, भार पडताच आवळून बसते. हात सुटला तरी माणूस सुटत नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले व महायुद्धात त्याच्या हवाई छत्र्या झाल्या. १९५३ साली जर्मनीतील एडेलरिड कारखान्याने आत भार पेलणारा गाभा आणि बाहेर विणलेले आवरण असा दोर काढला. परदेशी झाडकामगारांनी हळूहळू मनिला टाकून कृत्रिम धाग्याचे दोर, मांड्यांना व कमरेला बांधावयाचा पट्टा आणि शिरस्त्राण घेतले. त्यांच्या कामात एक नियम पक्का असतो: माणसाचा दोर वेगळा, फांदीचा दोर वेगळा.

फांदीच्या दोराचे शास्त्र आपल्या बंदरावरील खलाशाला केव्हापासून ठाऊक आहे. गलबताचा दोर तो खुंट्याभोवती वेढतो, हाताने नुसता ओढून धरीत नाही. खालचा गडी फांदीचा दोर बुंध्याभोवती वेढतो तोही याच कारणाने. घर्षण बेताचे धरले तरी एका पूर्ण वेढ्याने पकड सुमारे पाचपट होते आणि दोन वेढ्यांनी वीसपटीच्या वर जाते. येथे बेरीज नसून गुणाकार आहे. म्हणून शंभर किलोची फांदी एक माणूस सावकाश खाली सोडू शकतो. तीच फांदी दोर ढिला ठेवून हातभर जरी आपटू दिली, तर दोरावर तिच्या वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो. अपघातानंतर ‘नशीब’ म्हणून सांगितले जाते, त्यात हे गणित पुष्कळ असते.

आता कायद्याकडे वळू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात ताडमाड छेदणे व झाडे तोडणे ही कामे नावानिशी आली होती. परंतु त्याच कायद्याच्या व्याख्येत एक पळवाट होती. काम नैमित्तिक असेल आणि मालकाच्या धंद्यासाठी नसेल, तर तो माणूस ‘कामगार’ ठरत नसे. बंगल्यातील फांदी तोडावयास एका सकाळपुरता बोलाविलेला माणूस या शब्दांत बरोबर सापडत असे. तो पडला तर कोणीच मालक नाही! हे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने गेले. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण कागदावरची पळवाट बुजली तरी आपल्या मनातली बुजली आहे काय?

बुजवावयाची तर वाटा आहेत. केरळात २०११ साली नारळ विकास मंडळाने ‘नारळवृक्षांचे मित्र’ ही योजना काढली. तरुणांना शिक्षण, चढण्याचे यंत्र आणि विमा ही तिन्ही एकत्र दिली. ज्याचा मालक रोज बदलतो, त्यालाही हक्क देता येतात हे तर महाराष्ट्रानेच अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून दाखविले. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकांकडून वर्गणी घेणारी मंडळे नेमली. ओझे डोक्यावर वाहणाऱ्यास जो न्याय, तोच झाडावर लोंबकळणाऱ्यास का नसावा?

तोवर आपल्या हाती काही आहेच. फांद्या तोडण्याच्या ठेक्यात दोर, पट्टा व शिरस्त्राण यांचा खर्च वेगळ्या कलमात लिहावा. म्हणजे कमी भावाचा ठेकेदार माणसाच्या जिवावर बचत करणार नाही. आणि घरमालकाने मजुरी ठरविण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: दोर किती जुना आहे, तो कोठे बांधणार, आणि फांदीखाली कोण उभे राहणार? दोर जुना निघाला तर नव्याचे पैसे आपण द्यावेत. सावली आपण घेतो, तेव्हा दोरही आपलाच असला पाहिजे.