दिनविशेष : २६ फेब्रुवारी
२००४ : नांदेडचे शंकरराव चव्हाण यांचे निधन. दोनदा मुख्यमंत्री, पुढे केंद्रात अर्थ आणि गृह खाती सांभाळली. शिस्तीमुळे अधिकारी त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत, तेही दबकतच! मराठवाड्याने मात्र त्यांना लक्षात ठेवले ते जायकवाडीच्या पाण्यासाठी.

त्या वर्षाचे पुढचे महिने लातूरचे. १९८० पासून सलग सात वेळा लोकसभेवर गेलेले शिवराज पाटील चाकूरकर मे महिन्यात रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून पराभूत झाले. तरीही दिल्लीत चव्हाणांचेच जुने गृहखाते त्यांच्याकडे आले. मतदारांनी घरी बसवलेला नेता थेट देशाचा गृहमंत्री, ही त्या वर्षीची खरी गंमत. १ नोव्हेंबरला बाभळगावचे विलासराव देशमुख दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले.