कुरण, ससे आणि सनद

गोल्फ हा शब्द कानी पडला की श्रीमंतांचे हिरवेगार आवार डोळ्यांसमोर उभे राहते. भोवती उंच कुंपण, दाराशी पहारेकरी आणि सामान्य माणसाला दूर ठेवणारी सभासदत्वाची वर्गणी. आम्हीही आजवर या खेळाकडे याच दृष्टीने पाहत आलो. त्याची काठी आमच्या हाती कधी आली नाही आणि आता येईल अशी आशाही नाही. तथापि ज्या स्कॉटलंड देशात हा खेळ वाढला, तेथील इतिहासाची पाने चाळताना आम्हांस एका गोष्टीचे नवल वाटले. या खेळाच्या इतिहासाचा फार मोठा भाग कायद्याने व्यापलेला आहे, आणि त्या कायद्यात पुनःपुन्हा डोके वर काढणारा प्रश्न जमिनीचा आहे. ज्या भूमीवर चेंडू घरंगळतो ती कोणाची, आणि राज्यसत्तेने तिच्यासंबंधी कोणाची बाजू घ्यावी, हा तो प्रश्न होय. तो आपल्याही दाराशी येऊन ठेपला आहे, म्हणून हा इतिहास वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

गोल्फचा सर्वांत जुना लेखी उल्लेख मिळतो तो त्याच्यावर घातलेल्या बंदीत. राजा दुसरा जेम्स याच्या कारकिर्दीत, १४५७ साली, स्कॉटलंडच्या पार्लमेंटने फर्मान काढले की, फुटबॉल आणि गोल्फ हे खेळ पूर्णपणे बंद व्हावेत. कारण लष्करी होते. शेजारच्या इंग्लंडशी वैर होते आणि इंग्रज तिरंदाजांची कीर्ती मोठी होती. तरुणांनी चेंडूमागे न धावता धनुर्विद्येचा सराव करावा, यासाठी प्रत्येक धर्मग्रामात चर्चजवळ नेमबाजीची लक्ष्ये उभारावीत व जो सरावाला येणार नाही त्याला दंड करावा, असेही त्या कायद्यात होते. कायदा झाला, पण लोक खेळत राहिले. १४७१ साली बंदीचा पुनरुच्चार करावा लागला, १४९१ साली पुन्हा. जो हुकूम तीनदा काढावा लागतो तो पाळला जात नव्हता, हे उघड आहे. पुढे १५०२ साली इंग्लंडशी शांततेचा तह झाला, आणि ज्या चौथ्या जेम्सच्या नावाने तिसरी बंदी निघाली होती, त्याच राजाने त्याच वर्षी पर्थ येथील एका धनुष्य बनविणाऱ्या कारागिराकडून आपल्यासाठी गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. राजाच्या जमाखर्चात ती नोंद आहे. धनुष्यासाठी ज्या खेळावर बंदी आली, त्याच्या काठ्या धनुष्य करणाऱ्यानेच घडवाव्यात, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

यानंतरची हकिकत सेंट अँड्र्यूज या नगराची आहे. उत्तर समुद्राच्या काठी वसलेले हे नगर मध्ययुगात स्कॉटलंडच्या कॅथलिक चर्चचे मुख्य पीठ होते. नगर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचे, आखूड गवताचे एक विस्तीर्ण माळरान होते. तेथील भाषेत अशा जमिनीला ‘लिंक्स’ म्हणतात. शेतीला ते निरुपयोगी होते, पण गावाला त्याचा उपयोग मोठा होता. आपल्याकडील गायरानासारखे ते सर्वांचे होते. लोक तेथे गुरे चारीत, गवतासह मातीच्या ढेपा कापून नेत, आणि फावल्या वेळी खेळत. १५५२ सालच्या दस्तऐवजात या माळरानाचे हक्क कागदावर उतरलेले आढळतात. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना माळरानाच्या उत्तर भागात ससे पाळावयाचे होते. सशाचे मांस आणि कातडे या दोहोंना तेव्हा किंमत होती. आर्चबिशप हे त्या काळचे बलाढ्य सरदार होते, राज्याच्या कारभाऱ्याचे ते सावत्र बंधू. तरीही त्यांनी नगराची संमती घेतली. तिच्या मोबदल्यात नगरवासीयांचे सर्व हक्क त्यांनी लेखी मान्य केले. गुरे चारणे, ढेपा कापणे, आणि गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी व इतर सर्व खेळ खेळणे हे त्या हक्कांत मोडत होते.

या सनदेत गोल्फला विशेष मान दिलेला नाही, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. गुरांच्या चाऱ्याशेजारी तो एका ओळीत बसला आहे. गावाच्या रोजच्या जगण्यातील अनेक हक्कांपैकी तो एक होता. याच सुमारास, १५५२ सालीच, हॅमिल्टन यांच्या नावाने लोकांच्या बोलीत लिहिलेले धर्मशिक्षणाचे पुस्तकही सेंट अँड्र्यूजमध्ये छापले गेले. चर्चची डागडुजी करण्याचा तो प्रयत्न उशिराचा ठरला. १५६० साली पार्लमेंटने पोपमहाशयांचा अधिकार झुगारून दिला, आणि १५७१ साली राजकीय सूडचक्रात सापडलेल्या या आर्चबिशपांना स्टर्लिंग येथे फाशी देण्यात आले. पीठ गेले, भव्य कॅथीड्रल ओसाड पडले. सशांच्या निमित्ताने झालेला तो कागद मात्र टिकला. नव्या पंथाच्या धर्ममंडळांनी रविवारी उपासनेच्या वेळी खेळणाऱ्यांना दंड केले, पण माळरानावरील नगराचा हक्क कोणी नाकारला नाही.

अडीचशे वर्षांनी त्या हक्काची खरी कसोटी लागली. कर्जात बुडालेल्या नगरपरिषदेने १७९७ साली ते माळरानच विकून टाकले. खेळाच्या जागेला धक्का लावू नये, अशी अट विक्रीत होती. दोन वर्षांनी जमीन डेम्प्स्टर नावाच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली आणि त्यांनी तेथे व्यापारासाठी ससे सोडले. सशांनी जागोजागी बिळे पोखरली आणि खेळाचे मैदान चाळणीसारखे झाले. खेळाडूंची संस्था १७५४ सालीच स्थापन झालेली होती. तिने व्यापाऱ्यांना न्यायालयात खेचले. खटला एडिंबरोहून लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत गेला आणि १८१३ साली तेथून पुन्हा खाली पाठविण्यात आला. दोन्ही पक्ष थकले. शेवटी १८२१ साली शेजारच्या स्ट्रॅथटायरम येथील जमीनदार जेम्स चीप यांनी ती भूमी विकत घेऊन वादावर पडदा टाकला. स्वतःच्या परिषदेने विकलेली सामाईक जमीन वाचविण्यासाठी लोकांना आपल्याच जुन्या हक्कांचा आधार घ्यावा लागला.

तथापि एका जमीनदाराच्या सौजन्यावर गावाचा हक्क किती काळ विसंबून राहणार? १८९३ साली तेथील प्रतिष्ठित गोल्फ क्लबने ती भूमी विकत घेतली, आणि नगरवासी साशंक झाले. पुढील वर्षी, १८९४ साली, ब्रिटिश पार्लमेंटने खास या माळरानासाठी कायदा केला. त्यानुसार भूमी नगराच्या मालकीत परत आली. क्लबने देखभाल करावी आणि दुसरे मैदान बांधावे असे ठरले. त्या कायद्याने नगरवासीयांस खेळ विनामूल्य राहिला, तो १९४६ पर्यंत. पुढे स्थानिक राज्यकारभाराची फेररचना होऊन जुनी नगरपरिषद बरखास्त होणार असे दिसताच, १९७४ साली आणखी एक कायदा झाला आणि व्यवस्था एका विश्वस्त मंडळाकडे सोपविण्यात आली. आज जगातून लोक तेथे मोठे शुल्क भरून येतात, पण मैदाने सार्वजनिक आहेत. रविवारी जुन्या मैदानावर एरवी खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातील आजीआजोबा, मुलेबाळे आणि कुत्री त्या हिरवळीवरून खुशाल फिरतात.

हा इतिहास एवढाच असता तर तो गोड झाला असता. त्याच देशात, त्याच समुद्रकाठी, आपल्या काळात दुसरा अध्याय घडला. अॅबर्डीनच्या उत्तरेस मेनी येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीने २००६ साली जमीन घेऊन गोल्फचे मोठे विश्रामस्थान उभारण्याची योजना मांडली. तेथील वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकत राहणाऱ्या, दुर्मीळ प्रकारच्या होत्या, आणि शास्त्रीय महत्त्वामुळे त्यांना कायद्याचे संरक्षण होते. २००७ साली स्थानिक परिषदेच्या समितीने परवानगी नाकारली. तेव्हा स्कॉटलंडच्या सरकारने प्रकरण आपल्याकडे घेतले, आणि चौकशीनंतर, आर्थिक लाभाचे कारण देऊन, २००८ साली परवानगी दिली. आसपासच्या काही कुटुंबांनी आपली घरे विकण्यास नकार दिला. २०१२ साली मैदान खुले झाले. योजनेतील साडेचारशे खोल्यांचे हॉटेल मात्र त्यानंतरच्या दशकात उभे राहिले नाही. २०२० साली सरकारच्या निसर्गरक्षण संस्थेने त्या टेकड्यांचा संरक्षित दर्जा काढून घेतला, कारण ज्यासाठी तो दिला होता ते वैशिष्ट्य आता उरले नव्हते. टेकड्या हिरवळीखाली स्थिर झाल्या होत्या.

सेंट अँड्र्यूज आणि मेनी यांत भेद कोठे आहे? कायदा दोन्हीकडे होता. मेनीचा कायदा सरकारने भूमीला दिलेला होता, म्हणून सरकारला तो बाजूला ठेवता आला. सेंट अँड्र्यूजची सनद तेथे राहणाऱ्या माणसांच्या नित्य वापराची नोंद होती, आणि त्या नोंदीच्या बळावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या भांडू शकली. राजाची बंदी तीन वेळा फसली. सशांच्या निमित्ताने लिहिलेल्या ओळी साडेचारशे वर्षे टिकल्या.

हे वाचत असता आमचे मन वारंवार तेरेखोलकडे गेले. नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्गाला खेटून असलेले हे गोव्याचे चिमुकले गाव. सावंतवाडीकरांचा तेथील किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. किल्ल्यात संत अंतोनीचे चर्च आहे, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेथे तिरंगा फडकविला होता. गाव बहुतांशी आपल्याच धर्मबांधवांचे आहे. याच गावाच्या जमिनीवर गोल्फचे मैदान व हॉटेल बांधण्याची योजना पुढे आली, आणि २०१० नंतरच्या दशकात गावकऱ्यांचा विरोध न्यायालयांपर्यंत गेला. जमीन रीतसर खरेदी केली, असे प्रवर्तकांचे म्हणणे. आम्ही येथील कुळे आहोत, असे गावकऱ्यांचे म्हणणे. गोव्याचा कूळकायदा १९६४ चा, कसणाऱ्याला मालकी देणारी त्याची दुरुस्ती १९७६ ची, आणि कुळांकडे आलेली जमीन शेतीखेरीज अन्य कामी वापरू नये असे सांगणारा कायदा १९९१ चा. कायदे आहेतच. सारा प्रश्न येऊन थांबतो तो एका नोंदीशी. येथे कोण कसत होते, आणि ते कोणी लिहून ठेवले आहे?

आमच्या वाडवडिलांनी जमिनी कसल्या, पण कागदाची फारशी फिकीर केली नाही. शब्दावर जग चालत होते. ते जग आता उरले नाही. गावातील सामाईक जागा, तळ्याचा काठ, समुद्रालगतची वाळू यांवर कोणाचा कोणता वापर चालत आला आहे, हे जाणणारी म्हातारी माणसे अजून आपल्यांत आहेत. त्यांच्यापाशी बसावे, ते लिहून काढावे, सातबारा आणि फेरफार एकदा डोळ्यांखालून घालावेत. ज्या आर्चबिशपांना सशांपुरती जागा हवी होती, त्यांच्याकडूनही सेंट अँड्र्यूजच्या लोकांनी आपले हक्क लिहून घेतले. आपण निदान आपल्या गावचे लिहून ठेवावे.